टेकडीवर चार टक्केही नकोत

पुणे महापालिकेत १९९७ साली आलेल्या २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांची ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी, म्हणजेच ‘बीडीपी’साठी, राखली गेली. २०१५ मध्ये राज्य सरकारने त्यावर शिक्कामोर्तबही केले. तरी ‘निदान चार टक्के बांधकाम द्या’ ही मागणी पुन्हापुन्हा डोके वर काढते.

चार टक्क्यांनी काय बिघडते, असे विचारले जाते. ९७८ हेक्टरांचे चार टक्के म्हणजे सुमारे ३९ हेक्टर, आणि तेही फक्त इमारतींखालचे. वर जायला रस्ता लागतो, टाकी लागते, संरक्षक भिंत लागते. उतारावर रस्ता काढताना पोकलेन वरची बाजू कापतो, मुरूम खाली लोटतो. पहिल्या जोरदार पावसात तो ओढ्यात उतरतो. जून २०१३ मध्ये कात्रज घाटापलीकडे शिंदेवाडीला डोंगरफोडीमुळे पाण्याची वाट बदलली, लोंढा थेट महामार्गावर आला आणि मोटारीतून निघालेल्या मायलेकी वाहून गेल्या. हे एका डोंगराच्या फोडीने झाले. बावधन, वारजे, आंबेगाव, कात्रज इथल्या उतारांवर तीच डोंगरफोड कायदेशीर करायची का?

टेकड्या उजाडच आहेत, हा युक्तिवादही खरा नाही. दाट झाडी नाही म्हणजे उजाड नव्हे. इथल्या पातळ मातीला गवतच धरून ठेवते आणि पाणी खडकाच्या भेगांत मुरायला वेळ देते.

‘नाहीतर झोपड्या होतील’ हा धाक तर मुळीच मान्य करू नये. अतिक्रमण रोखणे हे पालिकेचे कामच आहे, आणि टेकडीवरच्या बंगल्यात झोपडीतला माणूस राहायला जाणार नाही.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. जमीनमालकाच्या वाट्याला मोबदला म्हणून आठ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा हस्तांतरणीय विकास हक्क, ठरवला गेला. पिढ्यान्‌पिढ्या सातबारा सांभाळणाऱ्याने शहराच्या हवा-पाण्याची किंमत एकट्याने का मोजावी? हा टीडीआर भरघोस वाढवावा आणि तो मेट्रो स्थानकांच्या आसपास, रुंद रस्त्यांवर वापरू द्यावा. शहराला घरे हवीत, उंच इमारतीही हव्यात. त्या जिथे ड्रेनेज आणि वाहतूक आहे तिथेच उभ्या राहाव्यात.

तेव्हा या आरक्षणावर हरकती-सूचना मागवल्या गेल्या, की पुणेकरांनी एकाच अर्जात दोन्ही मागण्या लिहाव्यात: मालकाला पुरेपूर मोबदला द्या आणि टेकडीवरचे बांधकाम शून्यच ठेवा.