भूतदयेची खरी कसोटी

भाद्रपद सरून दोन महिने लोटले, धानाची कापणी आटोपत आली, की भंडारा जिल्ह्यातील अड्याळसारख्या गावांत तणसाच्या ढिगाआड आणि पडक्या भिंतींच्या आडोशाला कुत्र्यांची पिले दिसू लागतात. थंडी वाढते, एखादी आई वाहनाखाली सापडते आणि उरलेले एखादे पिलू कोणी शाळकरी मूल उचलून घरी आणते. वडीलधारी मंडळी थोडी कुरकुर करून त्याच्यापुढे वाटी ठेवतात. भूतदयेचे हे दर्शन सुखद आहे, यात शंका नाही. तथापि हेच पिलू वर्षभराने कोठे असते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पुष्कळदा ते गल्लीत असते. ना पुरते घरचे, ना पुरते बेवारस, लस न टोचलेले आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या सायकलीमागे धावणारे.

दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात प्राणिप्रेमींना कुत्री दत्तक घेण्याची मुभा दिली; मात्र दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याची जबाबदारीही त्यांच्यावरच टाकली. साऱ्या प्रश्नाचे सार या अटीत आले आहे. पाळलेला प्राणी उपासमार होईल अशा रीतीने टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरविला. पण पहिल्या गुन्ह्यास दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपये! अशा कायद्याचा धाक तो किती असणार? म्हणूनच हा भार अखेर पाळणाऱ्याच्या विवेकावरच येऊन पडतो.

गावठी कुत्र्याला काही शिकवावे लागत नाही, ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे तीन महिन्यांपर्यंतचा काळ पिलाच्या घडणीचा असतो. मुले, पाहुणे, गुरे आणि वाहने यांची ओळख या काळात झाली नाही, तर पुढे त्यांचे भय वाटते आणि भ्यालेले कुत्रेच बहुधा चावते. खाल्ल्यावर आणि झोपेतून उठल्यावर पिलाला ठरलेल्या जागी बाहेर नेले, तेथे विधी उरकताच त्याला चुचकारले, की काही आठवड्यांत सवय लागते. उलट घाण केली म्हणून तिच्यात त्याचे नाक घासणे, किंवा राखणीचे कुत्रे तिखट व्हावे म्हणून त्याला दिवसभर साखळीला जखडून ठेवणे, या रीतींनी शिस्त लागत नाही. लागते ती दहशत. खेळताना दात लागले की खेळ थांबवावा, हाकेला आले की शाबासकी द्यावी. एवढा धडा घरातील सर्वांनी एकाच पद्धतीने गिरवला पाहिजे.

शिस्तीइतकीच निकड आरोग्याची आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. १८८५ साली लुई पाश्चरने लशीचा मार्ग दाखवूनही आज माणसे या रोगाने मरतात, हे लांच्छनास्पद आहे. पिलाला तिसऱ्या महिन्यात लस द्यावी, पुढील मात्रा पशुवैद्याच्या सल्ल्याने व त्यानंतर दरवर्षी द्यावी; जंताचे औषध आणि योग्य वेळी निर्बीजीकरण चुकवू नये. कुत्रे चावल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा. अड्याळ ज्या पवनी तालुक्यात येते, त्याला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचे रान लागून आहे. अशा भागात मोकाट सोडलेले कुत्रे हरणांच्या मागे लागते आणि स्वतः बिबट्याचे भक्ष्यही होते.

कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे व लसीकरणाचे कर्तव्य २०२३ च्या नियमांनी स्थानिक संस्थांवर सोपविले आहे. ग्रामपंचायतीने त्यासाठी शिबिरे भरवावीत आणि शिक्षकांनी हा विषय वर्गात मांडावा. ज्यांना दहा-बारा वर्षांची ही सोबत झेपणारी नाही, त्यांनी पिलू आईजवळच राहू द्यावे आणि गल्लीतील कुत्र्यांच्या लसीकरणास हातभार लावावा. तीही भूतदयाच होय.

पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे संत नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. पोळी तर कुत्र्याला मिळालीच होती. नामदेव धावले ते उरलेल्या कर्तव्यासाठी. पिलाला घरी आणणाऱ्यांनी या उरलेल्या कर्तव्याचा विचार आधी करावा, हे बरे.