खुर्चीवरची अहिराणी

तालुक्याच्या गावी नोकरीला लागलेल्या पोराला पहिला सल्ला मिळतो: खुर्चीवर बसलास की अहिराणी बंद, शुद्ध बोल. एरंडोलकडे हा सल्ला बहुधा घरचेच देतात, चांगल्या हेतूने देतात. तरीही तो चुकीचा आहे.

म्हणतात, बोलीत अदब नसते. ‘नाना, या, बठा, काय काम व्हतं?’ यात वयाचा मान आहे, आपुलकीही आहे. ‘कागदपत्रे अपूर्ण आहेत, नंतर या’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष, पण त्यात अदब औषधालाही नाही. माणसाचा उद्धटपणा बोलीच्या माथी मारू नये. १९६२ साली शासनाने मान्य केलेले शुद्धलेखनाचे नियमही लेखनाचे आहेत, जिभेचे नव्हेत.

अचूकपणाचा आक्षेप मात्र वजनदार आहे. कर्जाचा करार, सातबाऱ्यावरची नोंद, पंचनामा यांचा अर्थ एकच निघाला पाहिजे, म्हणून लेखी व्यवहार प्रमाण मराठीतच हवा. नागपूरहून बदलून आलेल्या सहकाऱ्यासमोर तिघांनी आपापसांत अहिराणी बोलत राहणं, हेही मला पटत नाही. पण कागद अचूक होतो तो समोरच्याचं म्हणणं आधी नीट कळलं तरच. पीकविम्याची तक्रार घेऊन आलेला कापूसवाला शेतकरी प्रमाण मराठीत अडखळतो, निम्मं सांगतो आणि ‘हो साहेब’ म्हणत अंगठा उठवतो. दवाखान्यात तर हे जिवाशी येतं. दुखणं कधी उठतं, कुठून कुठे सरकतं, हे बाई आपल्या बोलीतच नेमकं सांगते. ‘कव्हापासून दुखी राह्यनं, माय?’ असं विचारणाऱ्या नर्सचा केसपेपर अधिक खरा असतो.

२०११च्या जनगणनेत खान्देशी या गटातल्या, म्हणजे अहिराणीसह, बोली मातृभाषा म्हणून नोंदवणारे सुमारे १८ लाख ६० हजार लोक आहेत. कचेऱ्या चालतात त्या यांच्यासाठी. बहिणाबाई चौधरींची लेवा बोली अहिराणीहून वेगळी, पण तीही पुस्तकी नव्हती. १९५२ साली त्यांची गाणी छापून आली आणि २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. त्या विद्यापीठाची पदवी भिंतीवर लावायची आणि त्याच मातीतल्या बोलीची टेबलावर लाज धरायची, याचा मला मनापासून राग येतो.

परजिल्ह्यातून इथे येणाऱ्या तलाठ्याला, डॉक्टरला, बँक अधिकाऱ्याला रुजू होताना आठवडाभर अहिराणी शिकवावी. शिकवायला त्याच कचेरीतला शिपाई पुरेल; त्याला त्याचं मानधन मात्र द्यावं.