पिल्लू पेंगतंय? आधी ऊब

श्रावणातल्या एका रविवारी शेजारची मुलगी आठवडी बाजारातून कोंबडीची दोन पिल्लं घेऊन आली. एक गुलाबी, एक हिरवं. मंगळवारी सकाळी तिची आई माझ्या दारात उभी. हातात चपलांचं खोकं, त्यात गुलाबी पिल्लू आडवं पडलेलं, डोळे मिटून, पंख पाडून. "ताई, काल संध्याकाळपर्यंत घरभर फिरत होतं हो. अचानक काय झालं? पोरीच्या तापाची गोळी आहे घरात, तिचा तुकडा चारू का?"

गोळी नको, असं मी आधी सांगितलं. एक-दोन दिवसांच्या पिल्लाचं वजन जेमतेम 35 ते 40 ग्रॅम असतं. माणसाच्या गोळीचा कितीही बारीक तुकडा केला तरी त्याला किती पुरे आणि किती जास्त, हे घरी ठरवता येत नाही.

आणि ते अचानक झालेलं नसतं. अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं. त्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस काढतं. म्हणून बाजारातल्या टोपलीत उपाशी-तहानेलं असूनही ते तुरुतुरु पळताना दिसतं. घरी येतं तेव्हा शिदोरी संपत आलेली असते, आणि नेमकी तेव्हाच त्याला थंडी गाठते. अंगावर नुसती लव, पिसं नाहीत. स्वतःची ऊब ते धरू शकत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला 35 अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी चालते. पावसाळी रात्रीचं आपलं घर त्याच्यासाठी गारठलेलंच. रवणीवरून उठलेली कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते, ते याचसाठी.

मी पिल्लाचे पाय बोटांत धरून पाहिले. गार होते. अशा वेळी क्रम चुकवू नये. आधी ऊब, मग पाणी. गारठलेल्या, मान टाकलेल्या पिल्लाच्या चोचीत पाणी ओतलं तर ते श्वासनळीत जातं आणि पिल्लू गुदमरतं. साठचा बल्ब खोक्याच्या एका बाजूला टांगला, खाली खडबडीत फडकं घातलं. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात, म्हणून वर्तमानपत्र नको. अंगात धुगधुगी आल्यावर कोमट गूळपाण्याचा एकेक थेंब चोचीच्या कडेला लावला. थेंब त्याने स्वतः गिळायचा.

मग शेपटीखाली पाहिलं. विष्ठा वाळून भोक बुजलं होतं. एवढ्यानेही पिल्लू मरतं. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ते हळूहळू मऊ करून काढायचं, ओढायचं नाही, आणि लगेच कोरडं करायचं. पोटाकडे बेंबीची सुकलेली खपली असते. तिलाच घाण समजून कुणी ओढली तर जखम होते. पिल्लाला अंघोळ तर कधीच घालू नये. रंग निघावा म्हणून मुलं हौसेने घालतात, आणि ओलं पिल्लू संध्याकाळपर्यंत गारठतं.

ऊब बरोबर आहे का, हे पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर थंडी आहे. चोच उघडी टाकून कोपऱ्यात पळाली तर बल्ब वर घ्या. निवांत पसरून झोपली की जमलं.

ऊब देऊनही फरक नसेल तर रोगाकडे वळावं. पहिल्या दोन आठवड्यांत पांढरी, चिकट हगवण लागून पिल्लं पटापट मरू लागली तर साल्मोनेलाची शंका घ्यावी. तीनेक आठवड्यांनंतर विष्ठेत रक्त दिसलं तर तो बहुधा ओल्या भुशातून येणारा कॉक्सिडिया; त्यावर पाण्यातून द्यायचं अँप्रोलियम चालतं, पण ते 'ब-1' जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करतं, म्हणून दोन्ही एकदम देऊ नयेत. मान मुरगळणं, धाप, हिरवी हगवण ही मानमोडीची लक्षणं. तिचा विषाणू कुठल्याच औषधाला दाद देत नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात लासोटा लशीचा थेंब हाच उपाय. मात्र मान वाकडी होणं जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही होतं, तेव्हा पशुवैद्यांना दाखवल्याशिवाय आशा सोडू नका. घरात अनेक पक्षी एकदम दगावले तर पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा. 2006 साली नवापुरात बर्ड फ्लू निघाला, तेव्हापासून ही खबर दडवणं परवडणारं नाही. पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि लहान मुलांनी पिल्लाचा मुका घेऊ नये.

मला राग येतो तो टोपलीवाल्याचा नाही, त्याचं पोट आहे. अंड्यासाठी पाळायच्या जातीचे नर ना अंडी देतात, ना मांसासाठी लवकर भरतात, म्हणून ते रंगवून मुलांच्या हातात दिले जातात. पण विकताना "बल्ब लाव रे बाळा" एवढं एक वाक्य कुणी बोलत नाही, याचा राग येतो.

गुलाबी पिल्लू दुपारी गेलं. सोमवारी रात्री बल्ब लागला असता तर ते वाचलं असतं, असं मला अजून वाटतं. हिरवं आता पंधरा दिवसांचं आहे, पंखांची पिसं फुटली आहेत. काल रात्री वीज गेली तेव्हा त्या मुलीने मला उठवलं नाही. बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून तिने ती खोक्यात ठेवली, आणि सकाळी मला दाखवायला घेऊन आली.