तपेलीवरचं नाव

मागच्या मंगळवारी नारायण पेठेतला आमच्या चुलत घराचा वाडा रिकामा होत होता. माणसं दोन महिन्यांपूर्वीच भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेली होती, आता माळ्यावरचं सामान निघत होतं. मी पोचले तेव्हा चौकात काटा लागलेला. एका बाजूला पितळेचा ढीग, एका बाजूला तांब्याचा, लोखंड दाराशी. बंब, घंगाळ, ओगराळी, दोन सट, तीन पराती, पळी-पंचपात्री, समईचा नुसता खांब, फुलपात्री तर विचारूच नका. भंगारवाला वजन सांगत होता आणि भाचा मोबाइलवर आकडा लिहून घेत होता.

“आत्या, नव्या घराला माळा नाहीये,” मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला. हे खरंच आहे. घंगाळात आता पाणी कोण विसणणार आणि बंब पेटवायला गॅलरीत कोण बसणार? वाडे पडणार आणि सामान निघणार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा जीव तुटला तो वेगळ्याच गोष्टीनं. दीड तास मी तिथं उभी होते. तेवढ्या वेळात घरातल्या एकानंही काट्यावर टाकण्यापूर्वी एकही भांडं हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं नाही. भांडं उचललं, मोजलं, पोत्यात गेलं.

तेवढ्यात एक काळीठिक्कर तपेली माझ्या पायाशी आली. बुडाला चुलीची काजळी, आत कल्हईचे पांढुरके डाग. काठाखाली बोट फिरवलं तर काहीतरी खरखरीत लागलं. पदरानं पुसलं. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती. नाव काजळीत बुजलं होतं, पण शेवटचा आकडा वाचता आला: शके १८५३. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले की १९३१. सव्वा किलो भरली. तेवढे पैसे मी भंगारवाल्याच्या हातावर ठेवले आणि तपेली कापडी पिशवीत घालून बाहेर पडले.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे, मन असं विस्कटलं की माझे पाय आपोआप बाजीराव रस्त्याला लागतात. विश्रामबाग वाड्यावरून, शनिपार ओलांडून, नातूबागेत राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले.

ज्यांनी शाळेच्या सहलीनंतर तिथं पाऊल ठेवलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दिनकर गंगाधर केळकर (१८९६ ते १९९०) यांनी १९२० च्या सुमाराला वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढं आयुष्यभर तेच केलं. देशभर हिंडले, पदरचे पैसे घातले, आणि पत्नी कमलाबाई या सगळ्यात त्यांच्या बरोबरीनं उभ्या राहिल्या. संग्रह वीस हजार वस्तूंच्या वर गेला. मांडायला जागा मिळालीय त्यातल्या जेमतेम अडीच हजारांना. कोथरूडला मस्तानीचा महाल होता, त्याचे भाग सोडवून आणून तो इथं पुन्हा उभा केला. पुढं हा सगळा संग्रह त्यांनी राज्य सरकारच्या स्वाधीन केला.

तलवारी आणि चिलखतं तिथं आहेतच, पण केळकरांचा जीव खरा अडकला तो घरातल्या वस्तूंत. दिवे, दौती, फण्या, अडकित्ते, पानाचे डबे, तांबे, कुलपं, दारं. अडकित्त्यांच्या कपाटापुढे मी दर वेळी थांबते. एक घोडेस्वार आहे, एक राघू आहे, एक जोडपं आहे. सुपारी धरली की ती दोघं दूर होतात आणि कातरली की जवळ येतात. सुपारी फोडायला दोन लोखंडी पाती आणि एक खिळा एवढं पुरतं. तरी कुणीतरी बसून त्या राघूच्या पंखांवर एकेक रेघ ओढलीय.

आणि वज्री. हा शब्द तुमच्या घरात शेवटचा कधी ऐकलात? टाचा घासायची पितळेची वस्तू. खालचा भाग खवल्यांसारखा खरबरीत, वर धरायला मोर किंवा पोपट किंवा हत्ती. माझ्या आजीची साधी होती, वर नुसती कडी. न्हाणीघराच्या कोनाड्यात शिकेकाईच्या वाटीशेजारी असायची. आजी दगडावर बसून आधी डावी टाच घासायची, मग उजवी, आणि तेवढा वेळ तिला कुणी हाक मारलेली चालत नसे. दिवसभरात स्वतःसाठी तिला मिळणारी ती पाच मिनिटं. आजी गेल्यावर ती वज्री कुठं गेली हे घरात कुणालाच माहीत नाही. वस्तू गेली आणि तिच्या मागोमाग शब्दही गेला. माझ्या लेकीनं तो पहिल्यांदा या संग्रहालयात वाचला.

त्या दिवशी खांद्याला तपेली होती म्हणून असेल, मी कपाटांतल्या वस्तूंवर नावं शोधत फिरले. कारागीर आपलं नाव घालत नसे, ते समजण्यासारखं आहे. पण वापरणारी? ज्या बाईनं त्या मोराच्या मानेला धरून वर्षानुवर्षं टाचा घासल्या, ती कोण? मोराची मान झिजून गुळगुळीत झालेली काचेतूनही दिसते. इतकं हाताळलंय तिनं, आणि मागं राहिलं ते हे गुळगुळीतपण.

बाहेर पडताना पाटीकडे पाहिलं आणि थबकले. पाटी किती वेळा वाचली असेल मी! हे नाव दिनकर केळकरांचं आहे असं पुष्कळांना वाटतं. पण ‘राजा’ हा त्यांचा लहान वयात गेलेला मुलगा. केळकर स्वतः कवी, आणि कविता लिहिल्या त्या ‘अज्ञातवासी’ या नावानं. म्हणजे आपल्या कवितेवर ज्यानं आपलं नाव घातलं नाही, त्यानं आयुष्यभराच्या जमवाजमवीवर मुलाचं नाव घातलं. घरातलं भांडं हरवू नये म्हणून आपण त्यावर नाव कोरतो, तसंच. त्या पाटीखाली मी बराच वेळ उभी होते.

आता या नाव घालण्याबद्दल मला बोलायचंच आहे.

आपल्याकडे भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घ्यायचं, हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की त्याकडे कधी कुणी लक्ष दिलं नाही. दुकानदारच विचारायचा, “नाव काय घालू?” अलीकडे विजेचं पेन आलं आणि अक्षरं गिचमिड झाली. पूर्वी छोटी छिन्नी आणि हातोडी असायची. टक टक टक, एकेक ठिपका. र काढताना हात कसा वळायचा ते मी लहानपणी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत उभी राहून पाहिलंय. जागा थोडी म्हणून मजकूर आखडता. ‘चि.’, ‘सौ.’, ‘यांजकडून’, ‘भेट’, तिथी, शक. डोहाळजेवणाची वाटी, बारशाचं फुलपात्र, मुंजीचा तांब्या, रुखवतातली परात, साठीशांतीचं ताम्हन. कुणी कुणाला काय दिलं, कधी दिलं, नातं काय होतं, सगळं त्या काठावर लिहिलेलं. एका घरातली पन्नास भांडी ओळीनं मांडली तर दोन-तीन पिढ्यांची वंशावळ तिथं उभी राहील. आणि एक लक्षात घ्या. भिंतीवर टांगलेल्या वंशावळीत पुरुष असतात. भांड्यांवर बायका असतात.

पानशेतच्या वेळची गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. १२ जुलै १९६१. धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. पाणी उतरल्यावर आमच्या त्या वाड्याच्या चौकात कमरेइतका गाळ होता आणि गाळात चार वाड्यांची भांडी एकत्र झाली होती. बायकांनी ती धुऊन ओळीनं मांडली आणि नावं वाचून ज्याची त्याला दिली. मावशी सांगायची, दोन दिवस गल्लीत नुसती नावं पुकारली जात होती. कुणाची कळशी पलीकडच्या आळीतून परत आली, कुणाची तर दोन पेठा ओलांडून. पुरातून जी वाचली, नावामुळे जी घरी परतली, तीच भांडी मंगळवारी पोत्यात गेली.

कागदांचंही एकेकाळी असंच होत होतं. इतिहासकार विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव जुन्या कागदांमागे फिरले तेव्हा कागद बांधलेले रुमाल सोडायला लोक तयार नसत, आणि दुसरीकडे तेच कागद वाण्याच्या पुड्यांना जात. त्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली आला. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं आणि या शहराला एवढं तरी कळलं की कागद रद्दीत घालायचा नसतो. जुना कागद फाडताना पुण्यातला माणूस आजही क्षणभर थांबतो. पितळेच्या बाबतीत तो थांबत नाही, कारण ते वाचायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. म्हणून आज मी सांगते आहे.

सगळं संग्रहालयात न्या, असं माझं म्हणणं नाही. तिथं मांडायलाच जागा नाही, आणि प्रत्येक घरचं घंगाळ त्यांनी घ्यावं कशाला? विकायचं तर विका. पण आधी चिंच लावून काठ घासा, नाव वाचा, फोटो काढा, आणि वहीत एक ओळ लिहा: कुणाचं, कुणी दिलं, काय शिजायचं त्यात. शेवटची गोष्ट घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारा, आणि लवकर विचारा.

तपेलीचं सांगायचं राहिलं. घरी आल्यावर रात्री चिंचेचा कोळ आणि मीठ घेऊन बसले. पहिल्या हाताला नुसतं काळं पाणी निघालं. दुसऱ्यांदा बुडाचा रंग दिसला. तिसऱ्यांदा ठिपके सुटे झाले. काजळी ठिपक्यांत बसून राहिली होती, त्यामुळे पिवळ्या पितळेवर काळ्या शाईनं लिहावं तशी अक्षरं आपोआप उठून आली. ‘चि. सौ. कां.’ आणि पुढं एक नाव. मग ‘मामाकडून भेट’. मग वैशाख आणि तो शक.

ते नाव आमच्या घरात कुणाचंच नव्हतं.

ही तपेली मोठ्या आईची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या काकूंची, हे सगळ्यांना माहीत. तिच्या स्वयंपाकातली भांडी वेगळी ठेवलेली असत. फोटोखाली तिचं नाव आहे, घराच्या कागदांत आहे, आणि ते वेगळंच आहे. मग लक्षात आलं. ‘चि. सौ. कां.’ म्हणजे लग्न अजून लागायचं होतं. मामानं तपेली घेतली तेव्हा ती माहेरचीच होती. लग्न लागलं, ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं, आणि जुनं नाव तिथंच राहिलं. बालविवाहाला बंदी घालणारा शारदा कायदा १ एप्रिल १९३० ला लागू झाला होता, तो पाळला असेल तर तिचं चौदावं सरलं असणार. चौदा-पंधरा वर्षं ज्या नावाला ती ओ देत होती, ते या काठाशिवाय दुसरीकडे कुठंही लिहिलेलं आमच्या माहितीत नाही. तिला मूलबाळ नव्हतं. मी चार वर्षांची असताना ती गेली.

मिरजेला आमची सगळ्यांत मोठी आत्या असते, अठ्ठ्याऐंशीची. तिला फोन लावला आणि फक्त ते नाव घेतलं. पलीकडं इतका वेळ आवाज नव्हता की मला वाटलं फोन कट झाला.

“तुला कुणी सांगितलं?” आत्या म्हणाली.

मी म्हटलं, तपेलीनं.

“तिची आई यायची ना गं कधी कधी, ती त्या नावानं हाक मारायची. दारातूनच. मोठी आई हातातलं टाकून धावायची. आम्ही पोरं बघत राहायचो, ही अशी पळते?” मग आत्या थोडं थांबली. “आई वारली, मग ते नाव कुणी घेतलं नाही. त्या तपेलीत ती मुगाचं कढण करायची. आजारी माणसाला.”

ते नाव मी इथं लिहीत नाही. आधी घरातल्यांच्या तोंडी येऊ दे. भाच्याला रात्रीच फोटो पाठवला, त्यानं तो मोठा करून वाचला आणि थोड्या वेळानं त्याचाच फोन आला. पोती मंगळवारीच गेली, ती आता परत येणार नाहीत. पण माळ्यावर अजून एक ट्रंक आहे, पत्र्याची, किल्ली हरवलेली. भंगारवाल्याला त्यानं सोमवारी ये म्हणून सांगितलंय. रविवारी सकाळी कुलूप तोडायचं आहे. सुनबाई कोऱ्या पानांची वही घेऊन येणार आहे, मी अर्धा किलो चिंच आणलीय, आणि तपेली तेवढी कसब्यात तांबट आळीत कल्हईला टाकून जायची आहे.