साभार परत

दिवाळी अंकाचा संपादक रील या विषयावर लिहायला बसला की पुढे काय येणार, हे वाचकांना पाठ असतं. वाचन कमी झालं, लक्ष टिकत नाही, अंगठा थांबत नाही. हे सगळं तुम्ही आमच्याच हातचंही वाचलेलं असणार, म्हणून यंदा ते वगळतो. यंदा बोलायचं आहे ते बघणाऱ्यांशी नव्हे, करणाऱ्यांशी. त्यातही नुकताच फोन उभा धरून बोलायला लागलेल्यांशी. अंकाकडे येणाऱ्या टपालात हल्ली कवितांच्या बरोबरीने व्हिडिओंच्या लिंका असतात आणि खाली तीच जुनी ओळ असते: कृपया अभिप्राय कळवावा. पाठवणाऱ्यांत अकरावीतला मुलगा असतो, निवृत्त तलाठी असतात, शिलाईकाम करणाऱ्या ताई असतात. कवितेला अभिप्राय द्यायचा आणि व्हिडिओला नाही, हा पंक्तिभेद आम्हाला पटत नाही.

मिनिटभराच्या चित्रफितीला नाक मुरडणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की सिनेमा जन्मला तोच मिनिटभराचा. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या सहा चित्रफिती दाखवल्या गेल्या. त्यांतली एकेक जेमतेम पन्नास सेकंदांची, कारण त्या कॅमेऱ्यात तेवढीच फिल्म मावत असे. तो खेळ पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. दादासाहेब फाळक्यांनीही ‘राजा हरिश्चंद्र’ला हात घालण्याआधी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्यासमोर कॅमेरा लावला होता. रोज थोडं थोडं चित्रण करत अंकुर फुटण्यापासून वेल चढेपर्यंतची वाढ त्यांनी मिनिटा-दीड मिनिटाच्या फितीत बसवली. ‘अंकुराची वाढ’ हे तिचं नाव. ती त्यांनी भांडवल देऊ शकणाऱ्यांना दाखवली आणि पुढचं काम मार्गी लागलं. नवशिक्याचा पहिला व्हिडिओ कसा असावा, याचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला सापडलेलं नाही. विषय घरातला, पात्र एक, सांगायची गोष्टही एकच, आणि त्यामागे आठवड्यांची चिकाटी.

त्या मंडळींची एक सोय मात्र आज उरलेली नाही. फिल्म महाग होती, त्यामुळे हँडल फिरवण्याआधी विचार करावाच लागे. काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे निम्मं पैशाची चणचणच ठरवून देत असे. आज अडवणारं कोणी नाही. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणले, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स आणले. पंधरा सेकंदांची मर्यादा वाढत वाढत आता तीन मिनिटांवर गेली आहे. मर्यादा वाढल्याने व्हिडिओ सुधारले, असं आमचं निरीक्षण नाही. (जाता जाता: बंदीच्या वेळी कित्येकांचं सगळं काम त्या एका अ‍ॅपवरच होतं आणि ते रातोरात दिसेनासं झालं. मूळ फाइल स्वतःजवळ ठेवावी. हस्तलिखिताची एक प्रत जवळ ठेवून मगच टपालात टाकावी, असं आम्ही लेखकांना सांगत आलो, तेच हे.)

आता एक उदाहरण सविस्तर सांगतो. एका ताईंनी अनारशांचा व्हिडिओ पाठवला. लांबी तीन मिनिटांना थोडी कमी. सुरुवातीला नमस्कार मंडळी, कसे आहात, मजेत ना. मग चॅनेलचं नाव, मग सबस्क्राइब करण्याची विनंती. त्यानंतर तांदूळ. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत कापडावर पसरायचे, किंचित ओलसर असतानाच दळायचे, गूळ घालून पीठ मुरू द्यायचं. सगळं बिनचूक, आणि सगळं कुठल्याही पाककृतीच्या पुस्तकात मिळेल असं. शेवटाकडे पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. पार विरघळला. ताई घटकाभर गप्प झाल्या, ‘गूळ जास्त झाला वाटतं’ असं स्वतःशीच पुटपुटल्या, बाजूला ठेवलेली थोडी तांदळाची पिठी त्यांनी गोळ्यात मळली आणि दुसरा अनारसा थापून, खसखशीची बाजू वर ठेवून सोडला. उलटला नाही, नुसतं झाऱ्याने वरून तूप उडवत राहिल्या. जाळी पडली.

ते अर्धं मिनिट म्हणजेच खरा व्हिडिओ. आम्ही कळवलं: सुरुवात कढईपासून करा. विरघळणारा अनारसा आधी दाखवा, मग तुमचं पुटपुटणं, मग पिठी, मग जाळी. बाकी सगळं काढा. तांदळाचे तीन दिवस खाली कॅप्शनमध्ये लिहा. त्यांचं उत्तर आलं, ‘मग लोकांना वाटेल मला येत नाही.’

या उत्तरात नवशिक्याची सगळी अडचण आली. आपल्याला येतं हे सिद्ध करण्यासाठी तो व्हिडिओ करतो, म्हणून जिथे अडलं तो भाग कापतो आणि जो जगाला आधीच माहीत आहे तो ठेवतो. बघणारा मात्र दिवाळीच्या आदल्या दिवशी हसलेला अनारसा घेऊनच बसलेला असतो. त्याला नमस्कार नको असतो, गोळ्यात काय मळायचं ते हवं असतं. आमचं मत विचाराल तर ज्या बाईने बिघडलेलं पीठ कॅमेऱ्यासमोर सावरलं, तिच्याइतकं येणारी दुसरी नाही.

बाकी तंत्र फार नाही. चेहऱ्यावर खिडकीचा उजेड घ्यावा, खिडकी पाठीशी नको. लेन्स सदऱ्याने तरी पुसावी. चित्र थोडं अंधुक चालतं, आवाज अस्पष्ट चालत नाही, म्हणून पंखा बंद आणि कुकर उतरवलेला. इयरफोनचा साधा माइकही लांब ठेवलेल्या फोनपेक्षा बरा. मजकूर पडद्याच्या अगदी तळाशी टाकू नये, तिथे अ‍ॅपची बटणं येतात. अक्षरं टाकाच, कारण बसमध्ये बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. एखाद्या दुकानाने फुकट साडी पाठवली तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट लिहावं. जाहिरात मानक परिषदेची तशी मार्गदर्शक तत्त्वं २०२१पासून आहेत. दुसऱ्याच्या लेकराला विचारल्याशिवाय टिपू नये, आणि धबधब्याच्या कड्यावर उभं राहून काहीही टिपू नये.

खरी उणीव आहे ती संपादकाची. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या धंद्यात एक माणूस कायम बसलेला आहे, ज्याचं मुख्य काम नाही म्हणणं हे आहे. ‘साभार परत’चा शिक्का लेखकांना कधीच आवडला नाही आणि त्याने कित्येकदा अन्यायही केला. तरी त्याच्यासोबत कधी कधी दोन ओळी येत: शेवट आधी आला आहे, तिसरं पात्र कशाला. व्हिडिओवाल्याला अशी चिठ्ठी येत नाही, आकडा येतो. आकडा किती जणांनी पाहिलं ते सांगतो, फार तर कोणत्या सेकंदाला लोक निघून गेले तेही सांगतो. का गेले, ते सांगत नाही. मग नवशिका अंदाज बांधतो, चालू गाणं लावतो, शेजारच्याने केलं ते करतो, आणि पंचविसाव्या व्हिडिओत त्याचं स्वतःचं काहीच शिल्लक राहत नाही.

संपादक नुसता कापत नाही, ओळखतोही. बहिणाबाईंची बोलीतली गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी ती ओळखली, आणि १९५२ साली, बहिणाबाई गेल्यानंतरच्या वर्षी, ती पुस्तकरूपाने आली. ही आठवण मुद्दाम काढतो, कारण छापील मराठीने बोलींना बहुतेक वेळा अवतरणचिन्हांत, पात्रांच्या तोंडी जागा दिली. फोनच्या पडद्यावर मात्र अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, आगरी निवेदन करते, समजावते, हिशेब सांगते. ते आम्हाला जमलं नव्हतं. आणि नेमके इथेच नवशिके घाबरतात. घरात झकास बोलणारी मुलगी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की पाठ्यपुस्तकासारखी बोलू लागते. तिला ‘तू घरी बोलतेस तसं बोल’ एवढं सांगणारं कोणी असेल, तर निम्मं काम होतं.

म्हणून वाचकहो, आमचं एक मागणं आहे. फराळाला सगळे जमतील तेव्हा घरातलं कोणी तरी फोन पुढे करून म्हणेल, बघा ना, मी केलाय. तेव्हा नुसतं ‘छान’ म्हणू नका आणि ‘अभ्यास सोडून हे धंदे’ असंही म्हणू नका. पूर्ण बघा. तुम्हाला कुठे कंटाळा आला ते सांगा, आणि काय पुन्हा बघावंसं वाटलं तेही. मोठ्या आवडीने हा अंक वर्षानुवर्षं वाचत आला आहात. तेवढी पारख तुमच्याकडे नक्कीच आहे.