स्टेपनीत हवा आहे का?

मंडळी, यंदाच्या दिवाळीत आमच्या घरात माझ्यावर खटला चालला. आरोपी क्रमांक एक मी, आणि आरोपी क्रमांक दोन म्हणजे अंगणात कडुनिंबाखाली उभी असलेली माझी १९८६ची प्रीमियर पद्मिनी. फिर्यादी माझा पुतण्या. साक्षीला दोन्ही चिरंजीव आणि सुना. न्यायाधीश अर्थातच आमची ही, तिनं निकाल राखून ठेवलाय. आरोप एकच : "अप्पा, आता ती गाडी भंगारात द्या की. धोकादायक आहे. या वयात तुम्ही तिच्याखाली शिरता, आम्हाला बघवत नाही."

फराळाच्या ताटावर वाद घालण्यात अर्थ नसतो. सगळे एकदम बोलतात आणि तेवढ्यात चकल्या संपतात. म्हणून माझी बाजू इथं मांडतो. पुतण्या हे वाचतो, मला ठाऊक आहे. वाच बाबा, नीट वाच.

ही गाडी मी १९९४ साली जुनी घेतली. मास्तराच्या पगारात नवी परवडणारी नव्हती. घेताना मनात एक अभिमानही होता. ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी काढली, आणि वालचंद जन्मले ते आपल्या सोलापुरात, १८८२ साली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला असला म्हणून काय झालं? गाडीचं आजोळ आपलंच की!

गाडीबरोबर एक गुरूही मिळाले, सोलापुरातले एक मिस्त्री. पहिल्याच दिवशी म्हणाले, "गुरुजी, गाडी चालवायला आली म्हणजे निम्मी आली. निम्मी बॉनेटखाली आहे." तेव्हापासून रविवारची सकाळ गाडीची. प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचे, फिलर गेजनं पॉइंटमधली फट बघायची, पट्टी काढून ऑइल बघायचं, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर, रेडिएटरमध्ये पाणी. फॅन बेल्ट अंगठ्यानं दाबून बघायचा. आमच्या होटगीच्या उन्हाळ्यात एअर फिल्टर झटकला की त्यातून अर्धं शेत निघतं!

चुकाही भरपूर केल्या. एकदा गरम रेडिएटरचं झाकण उघडलं आणि मनगट भाजून घेतलं. १९९६ साली हौस आली म्हणून दोन मोठे हॉर्न बसवले, पण रिले न लावता थेट जोडले. तीन महिन्यांत स्टिअरिंगवरचं बटण जळालं आणि गाडीभर धूर. मिस्त्री हसले नाहीत. फक्त विचारलं, "गुरुजी, ती वायर किती करंट सोसते ते बघितलं होतं का?" नव्हतं बघितलं. हौस आधी केली, अभ्यास नंतर. म्हणजे पुढं जे सांगणार आहे त्यातला पहिला गुन्हेगार मीच.

आता फिर्यादीच्या गाडीकडे वळू. गाडी तीन वर्षांची, देखणी. तिच्यावर त्यानं बराच खर्च केलाय. पुढं बुलगार्ड, काचांना काळी फिल्म, पांढरेफटक एलईडी दिवे, डिकीत बासचा भलामोठा डबा. कुठून तरी स्वस्तात मिळालेली अलॉय व्हील्स, टायरसकट. दर आठवड्याला शाम्पूनं अंघोळ. दृष्ट लागेल अशी गाडी!

याच वर्षी जानेवारीत आम्ही त्या गाडीतून विजापूरला गोल घुमट बघायला गेलो होतो. परतताना रात्रीचे नऊ वाजले. भीमेचा पूल ओलांडला, टाकळी मागं पडली आणि धाडकन आवाज झाला. मागचा डावा टायर फुटला. गाडी कशीबशी कडेला घेतली. डिकी उघडली तर बासचा डबा स्क्रूनं ठोकून बसवलेला, स्टेपनी त्याच्या खाली. स्क्रू ड्रायव्हर नाही. शेवटी माझ्या खिशातल्या चाकूनं स्क्रू काढले. स्टेपनी बाहेर आली. तिच्यात हवाच नव्हती. गाडी घेतल्यापासून ती कुणी दाबूनसुद्धा बघितली नव्हती.

दिवस ऊसतोडीचे. मागं दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेले. पुतण्याची बायको तीन वर्षांच्या लेकराला कडेवर घेऊन चारीच्या काठावर उभी. मी टॉर्च हलवत गाडीच्या मागं. समोरून एका गाडीचे असेच पांढरे दिवे डोळ्यांवर आले आणि त्याच क्षणी शेजारून ट्रॉली गेली. उसाची टोकं माझ्या खांद्याला घासून गेली. शर्ट फाटला. एक हात इकडं असतो तर हे लिहायला मी नसतो. आणि मी एकटा तरी कुठं होतो तिथं?

एका कन्नड ट्रकवाल्यानं गाडी थांबवली. ट्रकच्या ब्रेकला हवेची टाकी असते, तिला पाइप लावून त्यानं आमच्या स्टेपनीत हवा भरली. पैसे घेतले नाहीत. टॉर्चच्या उजेडात मी फुटलेल्या टायरवरचा आकडा वाचला : १४१६. म्हणजे २०१६ सालचा चौदावा आठवडा. पावणेनऊ वर्षांचा टायर, वर काळं पॉलिश मारलेलं!

घरी आल्यावर पुतण्या म्हणाला, "नशीब चांगलं अप्पा." तेव्हा गप्प बसलो, कारण दोष माझाही होता. चाळीसेक वर्षं मुलांची उजळणी घेतली आणि निघण्यापूर्वी पुतण्याला एक प्रश्न विचारला नाही : स्टेपनीत हवा आहे का? लेकराचा जीव नशिबावर टाकायला आपण काही निरक्षर नाही.

आणि आता दिवाळीत तोच मला सांगतो, माझी गाडी धोकादायक आहे!

माझा राग हौसेवर नाही. हौस कशाला म्हणायचं, यावर वाद आहे. गाडीला काय लावलं हे सांगता येतं, पण गाडीला काय लागतं हे सांगता येत नाही, ती हौस कसली? तो नुसता नट्टापट्टा. पेन देखणं असलं म्हणून निबंधाला मार्क देत नाहीत.

बरं, त्या नट्ट्यापट्ट्याचीही चौकशी करू. काळी फिल्म सर्वोच्च न्यायालयानं २०१२ सालीच बंद केली. बुलगार्ड बेकायदा असल्याचं केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं. कारण साधं आहे. टक्कर झाली की धक्का गार्डावरून भलतीकडंच जातो आणि एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणाऱ्या सेन्सरचा अंदाज चुकू शकतो. म्हणजे एअरबॅगचे पैसे मोजायचे आणि मग तिच्याच डोळ्यांवर पट्टी बांधायची! हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात एलईडी बल्ब घातला की प्रकाश नीट पडत नाही, विखुरतो. आपल्याला झकास दिसतं, समोरचा आंधळा होतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की, कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं. पोलीस दंड करतात म्हणून हे पाळायचं नाही. समोरून कुणाचं तरी लेकरू येत असतं म्हणून पाळायचं.

पुतण्याचं उत्तर मला पाठ आहे : "अप्पा, आताच्या गाड्या म्हणजे कॉम्प्युटर. आपण हात लावायचा नसतो." अर्धं खरं आहे. एअरबॅग, एबीएस, इंजिनचा कॉम्प्युटर यांना मीही हात लावणार नाही. आणि कंपन्यांनाही आपण हात न लावलेलं बरंच वाटतं. दुरुस्तीचा हक्क ग्राहकाला असावा म्हणून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ साली समिती नेमली, तीत मोटारींचाही विचार होता, तो उगाच नाही. पण टायरमध्ये कुठला कॉम्प्युटर आहे? किती हवा भरायची ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराशी चिकटवलेलं असतं. सकाळी टायर थंड असताना बघायची. ऑइल, कूलंट, बॅटरीची टोकं, सगळे दिवे आणि स्टेपनी. दहा मिनिटांचं काम. मोबाइलवर गाडीचे फोटो टाकायला याहून जास्त वेळ जातो.

आता माझ्या गाडीवरचे आरोप. खरे आहेत. तिला एअरबॅग नाही, एबीएस नाही, नव्या गाडीपेक्षा तिचा धूर जास्त. म्हणूनच मी तिला महामार्गावर नेत नाही. होटगी ते सोलापूर पंधराएक किलोमीटर, तेही दिवसाउजेडी आणि सावकाश. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करतो. त्याची फी २०२२ साली सहाशेवरून पाच हजार झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी दहा हजार. भरेन. तपासणीत नापास झाली तर मी स्वतः तिला भंगारात सोडून येईन, डोळ्यांत पाणी न आणता. पण पास-नापास परीक्षेनं ठरवा, जन्मतारखेनं नको. हे मी गाडीपुरतंच म्हणतोय असंही समजू नका!

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर त्या टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या. त्यांत बसलेल्यांना आठवत असेल, काहींच्या छताला आतून फुलाफुलांचं कापड असायचं, आरशापाशी देव, समोर प्लास्टिकची फुलं. सजावटच ती. पण रस्त्यात गाडी बंद पडली की अनेक टॅक्सीवाले बॉनेट उघडून पाच मिनिटांत चालू करायचे. त्यांची हौस आतबाहेर सारखी होती. पोटच त्यावर होतं ना.

असो. पुतण्या, तुझ्यापुढं तडजोड ठेवतो. मी गाडीखाली एकटा शिरणार नाही, तू सोबत असलास तरच शिरेन. येत्या रविवारी सकाळी सातला गाडी घेऊन होटगीला ये. बासचा डबा घरी ठेव, लेकराला बरोबर आण. आधी तुझी स्टेपनी बघू, मग माझे प्लग. काकू भाकरी आणि शेंगाचटणी करणार आहे. निकाल ती त्यानंतर देईल.