तोंड मोठं नको, गळती बुजवा

घरी विमान बांधणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार सहज दिला जातो. पहिल्या काही उड्डाणांत सिलिंडर हेडचं तापमान चढू लागलं की कुणीतरी सांगतं, ‘काउलिंगची, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाची, पुढची तोंडं लहान आहेत, मोठी करा. इंजिनाला हवा पुरत नाही.’ मग करवत निघते, फायबरग्लास कापला जातो आणि पुष्कळदा काटा जागचा हलत नाही. या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. तो बहुतेक वेळा चुकीचा असतोच, शिवाय खरा दोष शोधण्याची गरजच त्यामुळे वाटेनाशी होते.

आधी पूर्वपक्ष नीट ऐकून घेऊ. लायकमिंग ओ-३६० हे १८० अश्वशक्तीचं, चार आडव्या सिलिंडरांचं इंजिन आहे. व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही मालिकेतल्या कितीतरी विमानांत ते दिसतं. ते हवेनं थंड होतं. हवा जास्त तर उष्णता जास्त वाहून जाणार, आणि विमानाच्या वेगामुळे हवा आयती मिळते, तर तिला अडवायचं कशाला? युक्तिवाद सरळ आहे आणि म्हणूनच पटतो.

पण हाच युक्तिवाद शंभर वर्षांपूर्वी एकदा हरलेला आहे. १९२० च्या दशकात रेडियल इंजिनं उघडी ठेवत. झाकली तर तापतील, अशी सर्वसाधारण समजूत होती. अमेरिकेत लँग्ली इथे नॅका या सरकारी संशोधन संस्थेत फ्रेड वाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजिनाला पुरतं वेढणारं काउलिंग तयार केलं. हवा कुठून आत यावी, सिलिंडरच्या कोणत्या फिनांवरून (उष्णता सोडणाऱ्या पातळ पात्यांवरून) जावी आणि कुठून बाहेर पडावी, हे त्यांनी पत्र्याच्या आकारानं ठरवून दिलं. १९२८ साली ते कर्टिस एटी-५ए विमानावर बसवलं, तेव्हा वेग ताशी ११८ मैलांवरून १३७ मैलांवर गेला आणि झाकलेलं इंजिन तापलं नाही. या कामाला १९२९ चा कॉलियर पुरस्कार मिळाला. हवा किती आली यापेक्षा ती कुठून गेली याला महत्त्व आहे, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं.

आडव्या सिलिंडरांच्या इंजिनात हे कसं घडतं ते पाहा. काउलिंगच्या आत बॅफलचे पत्रे दोन कप्पे करतात, इंजिनाच्या वर एक आणि खाली एक. पुढून शिरलेली हवा वरच्या कप्प्यात मंदावते आणि तिच्या वेगाचं दाबात रूपांतर होतं. हा दाब हवेला सिलिंडरच्या फिनांमधून खाली लोटतो. खालच्या कप्प्यातून ती मागच्या बाजूनं बाहेर पडते. सगळं काम दोन कप्प्यांतल्या दाबाच्या फरकावर चालतं. बॅफल आणि क्रँककेस यांच्यात फट राहिली, प्लगच्या वायरीचं भोक सैल राहिलं किंवा काउलिंगला टेकणारी सिलिकॉन रबराची पट्टी उलटी दुमडली, तर हवा तापलेल्या धातूला न शिवता खाली निसटते. नुकसान दुहेरी होतं, कारण वरचा दाब घटतो आणि निसटलेल्या हवेनं खालचा वाढतो. अशा वेळी तोंडं मोठी केली तर ती वाढीव हवाही याच फटींतून जाते. बाहेर पडण्याची वाटच अरुंद असेल तर मागचं दार लावून पुढची खिडकी सताड उघडण्यासारखं होतं. वारा खेळतच नाही.

‘हे सगळं कागदावर ठीक, पण विमानात कसं कळणार?’ असं विचारतात. अगदी सोप्या साधनानं कळतं. पारदर्शक प्लास्टिकची नळी, तिच्यात रंगीत पाणी, एक टोक वरच्या कप्प्यात आणि दुसरं खालच्या कप्प्यात. समुद्रसपाटीजवळ १०० नॉट वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब सुमारे साडेसोळा सेंटिमीटर पाण्याइतका असतो. त्यातला किती भाग प्रत्यक्ष फिनांच्या वाट्याला येतो, ते नळी दाखवते. दोन्ही कप्पे बाहेरच्या स्थिर दाबाशी वेगवेगळे ताडून पाहिले तर दोषाची जागाही कळते. खालच्या कप्प्यात दाब साचला असेल तर निकासाची वाट किंवा गळती पाहायची. गळती बुजवूनही वरचा कप्पा भरत नसेल तेव्हा पुढच्या तोंडाला दोष द्यायचा, त्याआधी नाही. एवढी मुभा मी पूर्वपक्षाला खुशीनं देतो. मोजमापाआधी करवत चालवायची मुभा मात्र देणार नाही.

समोरून येणाऱ्या हवेचा दाब वेगाच्या वर्गानं बदलतो. ७५ नॉटला तो नऊ सेंटिमीटरांच्या थोडा वर असतो. म्हणजे पूर्ण शक्तीवर नाक उंच धरून चढणारा वैमानिक इंजिनाला सर्वाधिक गरज असताना जवळजवळ अर्धाच दाब देत असतो. सुरक्षित उंची गाठल्यावर नाक थोडं खाली घेतलं, तर कात्री न लावता तापमान उतरतं.

दुसरा आक्षेप लाल रेघेचा. या इंजिनाची कमाल मर्यादा २६० अंश सेल्सिअस आहे, तोवर काळजी कशाला, असं म्हणतात. पण लायकमिंग कंपनीचाच सल्ला असा, की इंजिन दीर्घकाळ टिकवायचं तर जोमदार क्रूझमध्ये हेडचं तापमान २२४ च्या आत आणि काटकसरीच्या क्रूझमध्ये २०४ च्या आत ठेवावं. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि या तापमानापुढे त्याची ताकद झपाट्यानं घटते. लाल रेघ ही ओलांडायची नसलेली सीमा आहे. तिच्या शेजारी बिऱ्हाड करू नये.

आणखी एक उपाय सुचवतात तो इंधनाचं मिश्रण दाट करण्याचा. चढताना तो योग्यच आहे. पण तीन सिलिंडर ठीक आणि एकच तापत असेल तर चौघांना जास्त पेट्रोल पाजून काय साधणार? त्या एकाकडेच गेलं पाहिजे. लायकमिंगच्या सिलिंडरांच्या फिना एका बाजूला उथळ असतात. तिसऱ्या सिलिंडरची ती बाजू मागे येते आणि मागचा बॅफल तिथे चिकटून बसला की हवेचा रस्ताच बंद होतो. अनुभवी माणसं तिथे वॉशर घालून पत्रा किंचित मागे सारतात आणि तापमान उतरतं. दुसऱ्या सिलिंडरच्या पुढच्या अंगालाही हीच अडचण आहे. फिनांच्या मधे ओतकामाचा राहिलेला धातू कानशीनं साफ करणं हे कंटाळवाणं काम आहे, पण त्याचं फळ नवं तोंड कापण्याहून मोठं असतं. इनटेक पाइपच्या जोडातून हवा शिरते का, इग्निशनचं टायमिंग पुढे सरकलं आहे का आणि थर्मोकपलची वायर योग्य धातूची आहे का, हेही याच वेळी पाहावं.

कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेलं विमान २०१६ साली ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. हा विषय आपल्यापासून दूर राहिलेला नाही, आणि आपल्या हवेत तो अधिक कडक आहे. अमेरिकेच्या जुन्या भाग २३ नियमांत प्रमाणित विमानाच्या कूलिंग चाचणीचे आकडे समुद्रसपाटीच्या किमान ३८ अंशांच्या दिवसाला लागू करून पाहावे लागत. घरी बांधलेल्या विमानावर अशी सक्ती नाही, म्हणून बांधणाऱ्यानं ती स्वतःवर घालून घ्यावी. बाहेरची हवा एक अंश तापली की हेडही साधारण एक अंश तापतं. जानेवारीच्या सकाळी २० अंशांत चढताना २०० दाखवणारं हेड मे महिन्यात नागपूरच्या ४५ अंशांत २२५ दाखवेल. ते २५ अंश जानेवारीतच, बॅफल जोडताना, हातात राखून ठेवावे लागतात.